आतल्या बाजूची शिवण

माझी भाची चार वर्षांची असताना मी तिच्यासाठी फिकट पिवळ्या सुती कापडाचा एक फ्रॉक शिवला होता. फुग्याच्या बाह्या, गळ्याला झालर, कमरेला पट्टा. तोवर माझ्या हातून उतरलेल्या कपड्यांत तो सर्वांत देखणा होता, असे मला आजही वाटते. तिने तो अंगात घातला, क्षणभर जागच्या जागी ताठ उभी राहिली, मग दोन्ही हातांनी ओढून काढला, उलटा केला आणि उलटाच घालून खेळायला निघून गेली. काखेतले ओव्हरलॉक, पट्ट्याच्या आतली टीप, गाठी मारलेले दोरे असे सगळे जगासमोर आणि गुळगुळीत बाजू अंगाला. घरातली वडीलधारी मंडळी हसली, तिची आई ओशाळली आणि मी दुखावले गेले. पुढची बावीस वर्षे आमच्या घरात ही गोष्ट तिच्या हट्टीपणाचा पुरावा म्हणून सांगितली जात असे.

त्या उलट्या फ्रॉकचा अर्थ मला दोन वर्षांपूर्वी कळला. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, अनेक बैठका आणि चाचण्यांनंतर, ती स्वमग्न, म्हणजे इंग्रजीत ऑटिस्टिक, असल्याचे निदान झाले. त्यानंतर ती माझ्याकडे आली ती अहवालाची प्रत घेऊन नव्हे, तर एक इंग्रजी कादंबरी घेऊन. "मावशी, हे वाच," ती म्हणाली, "मला जे सांगता येत नाही, ते यात बरेचसे आहे. सगळे नाही." तिचे बोलणे नेहमी असेच असते, जेवढे खरे तेवढेच.

ती कादंबरी म्हणजे हेलन ह्वांग या अमेरिकी लेखिकेची २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द किस क्वोशन्ट'. मुखपृष्ठ आणि नाव पाहून मी ती मनातल्या मनात बाजूला ठेवली होती, हे कबूल केले पाहिजे. प्रेमकथा मी तरुणपणी पुष्कळ वाचल्या आहेत आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांच्याकडे परत जावे असे मला वाटत नव्हते. भाचीने दिली म्हणून वाचायला घेतली आणि दोन रात्रींत संपवली. तेव्हापासून ती माझ्या मनातून गेलेली नाही.

कथानक थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियात राहणारी तिशीची स्टेला लेन ही अर्थमितीतज्ज्ञ आहे. आकडेमोड आणि गणिती प्रारूपे यांत ती रमते, कारण तिथे नियम असतात आणि ते पाळले जातात. तिच्या आईला आता नातवंडांची आस लागली आहे. स्पर्श, चुंबन, जवळीक यांचा स्टेलाचा आजवरचा अनुभव इतका वाईट आहे की आपल्याला हे जमतच नाही, असा निष्कर्ष तिने काढला आहे. आणि जे जमत नाही ते शिकवणी लावून शिकावे, हा तिचा स्वभाव. म्हणून ती पैसे घेऊन सोबत करणाऱ्या मायकेल फॅन या तरुणाला नेमते आणि त्याच्यापुढे शिकण्याच्या पायऱ्यांची लेखी यादी ठेवते. मायकेलची आई व्हिएतनामी, वडील स्वीडिश वंशाचे. आईच्या आजारपणाच्या खर्चासाठी त्याने हा मार्ग धरलेला आहे. एरवी तो आईच्या धुलाई आणि शिवणकामाच्या दुकानात बसतो. नायक शिंपी आहे हे वाचले तेव्हा मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले. कापडाचा स्पर्श आणि शिवणीची टोच जिला असह्य होते अशा नायिकेसमोर कापड आणि शिवण कळणारा पुरुष आणून उभा करणे, यात लेखिकेची केवढी समज आहे हे कळायला बहुधा आयुष्यात चार कपडे शिवलेले असावे लागतात.

स्टेलाही माझ्या भाचीसारखीच आहे. आपल्याकडे या स्थितीला स्वमग्नता म्हणतात. शब्द रूढ आहे, आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याने ही स्थिती मान्यही केली आहे, आणि मी हा शब्द याच लेखात वापरते आहे. तरीही ही कादंबरी वाचल्यापासून तो माझ्या तोंडात अडखळतो. स्वतःत मग्न म्हटले की आपल्यासमोर कोण येते? ज्याला दुसऱ्याचे काही पडलेले नाही, असा माणूस. मूळ इंग्रजी 'ऑटिझम' हा शब्दही ग्रीक भाषेतल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे; विसाव्या शतकाच्या आरंभी स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो वेगळ्याच संदर्भात घडवला आणि अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी पुढे तो मुलांच्या या स्थितीला लावला. स्टेला मात्र सबंध कादंबरीभर दुसऱ्यांतच मग्न आहे. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहायचे, हसायचे कुठे, कोणत्या प्रश्नाला खरे उत्तर अपेक्षित असते आणि कोणत्या प्रश्नाला नसते, आपण आता बोललो ते चुकले का, या हिशेबात तिचा दिवस जातो आणि संध्याकाळपर्यंत ती पार थकून जाते. जी बाई इतरांच्या चेहऱ्यांचा क्षणोक्षणी अभ्यास करते तिला स्वतःत बुडालेली म्हणणे हा मला आता अन्याय वाटतो. माझ्या भाचीला आम्ही म्हटलेल्या 'तुसडी', 'एककल्ली', 'माणूसघाणी' या विशेषणांचाही मला असाच त्रास होतो, कारण ती सारी आमच्याच तोंडची आहेत.

हे इतक्या उशिरा का कळते, याला इतिहास आहे. कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या अकरा मुलांचे वर्णन केले त्यांत आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर या बालरोगतज्ज्ञांनी ज्या चौघांच्या नोंदी तपशिलाने मांडल्या ते चौघेही मुलगे होते. त्याआधी, १९२५ मध्ये, ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टर बाईंनी सहा मुलग्यांच्या सूक्ष्म नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या आणि नंतर मुलींबद्दलही लिहिले होते, परंतु त्यांच्या कामाकडे जगाचे लक्ष कित्येक दशके गेले नाही. निदानाचे निकष घडले ते मुलग्यांना डोळ्यांसमोर ठेवून. मुलगी गप्प असली तर ती सालस ठरते, पाहुण्यांसमोर न येणारी मुलगी लाजाळू ठरते आणि मैत्रिणीची हुबेहूब नक्कल करून वेळ निभावणारी मुलगी हुशार ठरते. आवाज, उजेड, कापड, वास यांचा शरीराला होणारा त्रास अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत निकष म्हणून आला तो थेट २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत. माझ्या भाचीचा फ्रॉक त्याच्या किती तरी आधीचा. तो उलटा घालणे ही तिने दिलेली स्पष्ट माहिती होती, पण ती वाचायची लिपी तेव्हा कोणाकडेच नव्हती.

हेलन ह्वांग यांनाही स्वतःबद्दल असेच उशिरा कळले. त्यांच्या मुलीच्या बालवाडीच्या शिक्षिकेने मुलीबद्दल शंका बोलून दाखवली, म्हणून त्या या विषयावर वाचू लागल्या आणि वाचता वाचता त्या वर्णनात त्यांना स्वतःचा चेहरा दिसू लागला. २०१६ मध्ये, चौतिशीच्या आसपास, त्यांचे रीतसर निदान झाले. मुलीच्या वाटेने आईला आपला शोध लागावा, ही गोष्ट त्यांच्या एकट्याची नाही; अनेक स्त्रियांच्या बाबतीत असेच घडते. माझ्या भाचीच्या निदानानंतर माझी बहीण जेव्हा म्हणाली, "अगं, पण असे तर मलाही होते," तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ काही न बोलता बसून राहिलो.

कादंबरीतला एक प्रसंग मी चारपाचदा वाचला आहे. मायकेल स्टेलाला आपल्या घरी जेवायला नेतो. पाच बहिणी, आई, गजबजलेले घर. स्टेलाला तिथे सगळ्यांना आवडायचे आहे, तिने त्याची मनापासून तयारीही केली आहे. मायकेलची आई प्लॅस्टिकच्या डब्यातले अन्न मायक्रोवेव्हमध्ये गरम करून पुढे ठेवते आणि स्टेला सांगते की तापवलेल्या प्लॅस्टिकमधून अपायकारक रसायने अन्नात उतरतात. क्षणात जेवणाची रया जाते. घरच्यांना वाटते, या श्रीमंत मुलीने आमच्या अन्नाला नावे ठेवली. तीही आजारी आईच्या तोंडावर. स्टेलाला मात्र वाटत असते की आपण त्यांना एका धोक्यातून वाचवतो आहोत. काळजीच ती, फक्त तिने नेहमीचे कपडे घातलेले नाहीत. घरातला गलका वाढत जातो, स्टेलाला तो सोसवेनासा होतो, आणि त्या संध्याकाळचा शेवट व्हायचा तसाच होतो.

मला या प्रसंगात आवडले ते हे की लेखिकेने कोणालाही मूर्ख किंवा दुष्ट ठरवलेले नाही. आईचे दुखावणे खरे आहे आणि स्टेलाची काळजीही खरी आहे. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ मध्ये मांडले की या माणसांना इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच सत्य आहे; इतरांनाही त्यांचे मन तितकेच कळत नाही, आणि दरी दोन्ही बाजूंनी असते. हा विचार मी नंतर वाचला, पण तो मला पटला तो त्या जेवणाच्या टेबलामुळे. एरवी आपण त्या दरीवर पूल बांधायचे काम नेहमी एकाच बाजूला देऊन मोकळे होतो.

ते काम भाचीला द्यायला मीच पुढे होते. ती चोविशीची असताना एका स्थळाकडची माणसे तिला पाहायला येणार होती, आणि आदल्या दिवशी मी तिला समोर बसवून तालीम घेतली. "डोळ्यांत बघून बोल. मान हलवत राहा. हात चाळवू नकोस. विचारले तेवढेच सांग, पण हसून सांग." तिने ते वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, बैठकीत दहा माणसे, वर पंखा आणि बाहेर कुणाच्या तरी गाडीचा भोंगा, अशा त्या गर्दीत ती माझी यादी एकेक करून पाळत होती, हे मला दिसत होते. मुलाच्या आईने हसत विचारले, "मग, आवडला का आमचा मुलगा?" ती थांबली, विचार केला आणि म्हणाली, "ते दोनच वाक्ये बोलले आहेत. त्यावरून मला ठरवता येणार नाही." मला अजूनही हे उत्तर त्या दुपारी त्या खोलीत बोलले गेलेले सर्वांत शहाणे वाक्य वाटते. निरोप आला की मुलगी फटकळ आहे. त्या रात्री ती अंधाऱ्या खोलीत डोक्यावरून गोधडी घेऊन झोपून राहिली, पुढचे दोन दिवस बोलली नाही, आणि आम्ही समजलो की नकाराचे वाईट वाटले. नकाराचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे तिने मला अलीकडे सांगितले. दहा माणसांसमोर दीड तास दुसरी कोणी तरी होऊन बसण्याचा तो शीण होता.

म्हणूनच मायकेलमधली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पहिल्याच भेटीत स्टेलाचे शरीर आखडते, आणि तो थांबतो. ती पुढे चालू ठेवायला सांगत असताना, त्यासाठी तिने पैसे मोजलेले असताना, तिचे अंग काय सांगते आहे ते ऐकून तो थांबतो. त्यानंतर तो विचारतो: हे चालेल का, इथे हात ठेवू का, हे नको असेल तर काय हवे आहे. या कादंबरीत शृंगाराची वर्णने मोकळी आहेत, आपल्याकडच्या अनेक वाचकांना ती जास्तच मोकळी वाटतील. पण त्या वर्णनांच्या गाभ्याशी प्रश्न आहेत आणि त्या प्रश्नांना मिळालेली खरी उत्तरे आहेत. आपल्या प्रेमाच्या कल्पनेत न सांगता ओळखण्याला फार मोठा मान आहे. मनातले ओळखले तर प्रेम खरे, विचारावे लागले तर ते कमअस्सल, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जिला न सांगितलेले ओळखता येत नाही आणि जिचे मन चेहऱ्यावरून कोणाला वाचता येत नाही, अशा मुलीने या प्रेमात जायचे तरी कुठून? ह्वांग यांनी तिच्यासाठी दुसरे दार उघडले आहे आणि त्यातून आत गेल्यावर मला माझ्या तीस वर्षांच्या संसारातले कित्येक अबोले आठवले, जे एका साध्या प्रश्नाने सुटले असते.

कादंबरीचा शेवट गोड आहे. ती ज्या प्रकारची आहे त्या प्रकारात तो गोडच असावा लागतो. वाचक ते ठाऊक असूनच पुस्तक उघडतो. या ठरलेल्या शेवटावर समीक्षक नाक मुरडतात आणि एके काळी मीही मुरडत असे. भाचीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "शेवट माहीत असला की मला मधले नीट वाचता येते. नाही तर मी घाबरत वाचते." स्वमग्न पात्रे मी ज्या थोड्या कथा-चित्रपटांत पाहिली होती, त्यांत ती बहुधा दुसऱ्या कोणाला शहाणपण शिकवून बाजूला होतात, कोणाचा भाऊ, कोणाचा रुग्ण, कोणाचे ओझे. त्यांच्यावर कोणी भाळत नाही. ज्या मुलीला कोणीच नायिका केले नव्हते तिला त्या ठरलेल्या शेवटाची हमी मिळणे ही मला आता क्षुल्लक गोष्ट वाटत नाही. आणि त्या शेवटाआधी एक टप्पा येतो, जिथे मायकेलपासून दुरावलेली स्टेला स्वतःला सुधारण्याचा बेत करू पाहते आणि मग तो सोडून देते, कारण आपल्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही हे तिचे तिला उमगते. मायकेल परत येण्यापूर्वी हे घडते, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तरीही माझे काही आक्षेप आहेत. स्टेला गणितात असामान्य आहे, तिच्याकडे भरपूर पैसा आहे, तिचे स्वतःचे घर आहे. तिच्या सवयींना जग जी सवलत देते ती या सगळ्याच्या बळावर. माझी भाची नकाशे तयार करणाऱ्या एका कार्यालयात साधी नोकरी करते. ती कामात चोख आहे, असामान्य नाही, आणि तिला असामान्य असण्याची सक्ती का असावी हे मला कळत नाही. तिचे 'सगळे नाही' हे बहुधा इथेच होते. शिवाय प्रेम मिळाले की बाकीच्या गाठी आपोआप सैल होतात, असा एक भाव पहिल्या कादंबरीत राहून गेला आहे.

लेखिकेलाही तसे वाटले असावे, कारण २०२१ च्या 'द हार्ट प्रिन्सिपल' या तिसऱ्या कादंबरीत त्यांनी याहून अवघड वाट धरली. त्यातली ॲना सन व्हायोलिनवादक आहे. एकच रचना पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, चूक सापडते, पुन्हा आरंभाकडे जाते, आणि शेवटापर्यंत कधी पोहोचतच नाही. तिला मोठेपणी निदान कळते तेव्हा सुटका झाल्यासारखे वाटते, आणि घरच्यांना सांगायला जाते तेव्हा थोरली बहीण ते मानायलाच तयार होत नाही. पुढे वडिलांना पक्षाघाताचा झटका येतो आणि त्यांच्या शुश्रूषेत ॲना दिवसेंदिवस झिजत जाते, कारण 'मला आता झेपत नाही' हे वाक्य म्हणण्याची परवानगी त्या घरात मुलीला नाही. ह्वांग यांनी स्वतःच्या आईच्या अखेरच्या आजारपणात शुश्रूषा केली होती आणि ते दिवस या पुस्तकात उतरले आहेत. इथे प्रियकर चांगला आहे, खूप चांगला आहे, पण त्याच्या चांगुलपणाने ॲना बरी होत नाही. तिला पार कोसळावे लागते आणि सावकाश उठावे लागते. आजारी वडीलधाऱ्यांची सेवा हे मुलीचे कर्तव्य मानणाऱ्या आमच्यासारख्या घरांत ही तिसरी कादंबरी अधिक जवळून लागते. ती वाचताना थोरल्या बहिणीच्या जागी मी स्वतःला पाहत होते आणि ती पाने मला भरभर उलटता आली नाहीत.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या मुलाचे लग्न झाले. भाचीला साडी नेसायची होती, पण ब्लाउजची धास्ती होती. या वेळी मी तालीम घेतली नाही, विचारले. तिने कागदावर लिहून दिले: जरीचा काठ आतल्या बाजूला येऊ नये, अस्तर मलमलचे आणि दोनदा धुतलेले असावे, काखेत ओव्हरलॉक नको, लेबल नको, हुकांची पट्टी पुढे असावी. मी सगळ्या कडा आत दुमडून, त्यावर पुन्हा टीप मारून, शिवण दोन्ही बाजूंनी बंद केली. अशा शिवणीला दुप्पट वेळ लागतो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिने ब्लाउज घातला आणि चार वर्षांची असताना उभी राहिली होती तशीच क्षणभर ताठ उभी राहिली. हात वर केले, खाली घेतले, खांदे फिरवले.

"डाव्या बाजूला, तिसऱ्या हुकाखाली, एक गाठ आहे," ती म्हणाली.

मी चष्मा लावला, ब्लाउज उलटा केला आणि बोटाने चाचपले. गाठ होती, मोहरीपेक्षाही लहान. मी कात्री घेतली आणि तो टाका उसवायला बसले.